जांभळ्या दोऱ्याची खूण

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तूही बरा असशील असं धरून चालते, कारण अकरा वर्षांत एका ओळीने तू कळवलेलं नाहीस. मीही कळवलं नाही, माहीत आहे मला, लगेच बोट दाखवू नकोस. तुझा पत्ता लिफ्टवाल्याने दिला. निवृत्त झाल्यापासून तो नातेवाइकांकडे फिरत असतो, आणि तुझ्या शाळेच्या कँटीनमध्ये चहा पिऊन आला म्हणे. सांगत होता, तिथेही तू कागदी नॅपकिनच्या पंख्यासारख्या घड्या घालतोस आणि पोरं त्या उलगडून नाकं पुसतात. ऐकून मला हसू आलं. मग रागही आला. कशाचा ते विचारू नकोस.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. क्लबला शंभर वर्षं होताहेत. खालचा क्लब आणि वरचं बावीस खोल्यांचं हॉटेल, सगळ्याला रंग चाललाय, वासाने डोकं उठलंय नुसतं. त्यात एक स्मरणिका काढायची टूम निघाली आहे. आणि आठवणी लिहायच्या कोणी? तर मी! आपला तेव्हाचा चिटणीस आता अध्यक्ष झालाय, हे लिफ्टवाल्याने सांगितलंच असेल. तो स्वतः आमच्या दारात आला. म्हणाला, "चाळीस वर्षं क्लबची लिननरूम तुम्ही सांभाळलीत. तुमच्याइतकं कोणाला माहीत? रंगीबेरंगी माणसं येऊ द्या, गमतीजमती येऊ द्या. फक्त रडगाणं नको." मी जन्मात धोब्याच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नाही. तुझे दाजी म्हणाले, "जाऊ दे, नाही म्हणून टाक." या माणसाचं लग्नापासून तेच. आग लागली तरी जाऊ दे म्हणतील.

तर मी लिहायला बसले. चार दिवसांत चार कागद फाडले. नॅपकिनच्या खुणांचं कसं सांगायचं हेच समजेना. शेवटी असं लिहिलंय, बघ बरोबर आहे का:

'आमच्या क्लबात रोज जेवायला येणाऱ्या मोजक्या मंडळींना स्वतःचा नॅपकिन असे. त्याच्या कोपऱ्यात नाव नसे, फक्त रंगीत दोऱ्याचा साखळी टाका. कोणाचा रंग कोणता, हे लिननरूमला आणि हेडवेटरला पाठ. उकळत्या पाण्यात रंग न सोडणारे दोरे आमच्याकडे बाराच होते, म्हणून बाराच जणांना हा मान मिळे. तेरावा माणूस कितीही मोठा असो, त्याने थांबायचं. रंग मोकळा व्हायचा तो एखादे सभासद वारल्यावरच. मग त्यांची खूण उसवायची आणि तो रंग पुढच्याला द्यायचा.'

वाचायला भयंकर वाटतं, नाही? आपल्याला तेव्हा काहीच वाटायचं नाही. लोक रांग लावून बसायचे आणि त्या बारा जणांच्या तब्येतीची चौकशी करायचे. किती काळजी वाटायची एकेकाला!

बाकीचं सोपं गेलं. लिफ्टवाल्याचं लिहिलंय, गोष्ट संपेपर्यंत दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबवायचा आणि पाहुणे आतून दार बडवायचे. जज्जसाहेब पहिला चमचा तोंडात घालून सुपाचा निकाल द्यायचे, तेही लिहिलंय. "पुराव्याअभावी निर्दोष" म्हटलं की आचारी खूश, त्या बिचाऱ्याला वाटायचं कौतुक चाललंय. आणि वकील बंधू तर हवेतच. मोठे आणि धाकटे, एकाच टेबलावर समोरासमोर, आणि एकमेकांशी अक्षर बोलायचे नाहीत. मध्ये हेडवेटर म्हणून तू. "त्याला सांग मीठ सरकव." "त्याला सांग हात आहे ना स्वतःला." आणि तू दोघांचे निरोप इतक्या गंभीर चेहऱ्याने पोचवायचास की मी दाराआड पोट धरून हसायचे. किती वर्षं बोलत नव्हते ते? तीस की बत्तीस? तेवढं कळव.

धाकटे वकील गेले, दोन वर्षं झाली. तुला कोण सांगणार म्हणा.

कप्तानसाहेबांचं अजून लिहिलेलं नाही. हात दुखला.

उत्तर पाठव. निदान आकडा तरी.

तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. धन्य आहे तुझी! अकरा वर्षांनी उत्तर, आणि त्यात चार ओळी. 'पत्र मिळाले. सर्व ठीक. एकतीस वर्षे. कप्तानसाहेबांचे काय लिहिलेस?' तारेलासुद्धा लोक यापेक्षा जास्त शब्द खर्च करायचे.

तू विचारलंस म्हणून सांगते. मी कप्तानसाहेबांवर पाऊणच पान लिहिलं होतं. सात नंबरच्या खोलीत एकोणीस वर्षं राहिले. जिन्यात टांगलेल्या, हवामान सांगणाऱ्या यंत्रावर रोज सकाळी टिचकी मारायचे. त्याचा काटा कायमचा 'वादळ' वर अडकलेला, तरी म्हणायचे, "वादळ आहे बाई, छत्री घ्या," आणि लख्ख उन्हात स्वतः छत्री घेऊन निघायचे. बारा रंगांतलं जांभळं रीळ त्यांनीच कुठल्याशा बंदरातून माझ्यासाठी आणलं होतं आणि त्यांची खूणही त्याच रंगाची, तेही लिहिलं. म्हणाले होते, "हा दोरा माणसापेक्षा जास्त टिकतो." शेवटी लिहिलं, 'नंतर ते आपल्या भाचीकडे राहायला गेले व तेथेच वारले.' झालं. यात खोटं एक अक्षर नाही.

परवा छापखान्यातून कच्ची पानं आली. अध्यक्षांनी माझ्या मजकुरात आपली कलम चालवली आहे. 'नंतर' च्या पुढे काय घातलंय बघ: 'नंतर एका हेडवेटरच्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे कप्तानसाहेबांना क्लब सोडावा लागला. त्या कर्मचाऱ्यास तत्काळ काढून व्यवस्थापनाने शिस्तीचा आदर्श घालून दिला.'

आणि वर लेखिका म्हणून मी!

माझं डोकंच फिरलं. दाजींना वाचून दाखवलं. ते चष्मा पुसत बसले. जाऊ देसुद्धा म्हणाले नाहीत.

त्या दिवसाचं मी कधी कोणाशी बोललेले नाही, तुझ्याशीही नाही. तुला सगळं आठवत असणार, तरी इथे लिहिते, मला लिहिता येतं का ते बघायचंय.

कप्तानसाहेब तीन आठवडे दवाखान्यात होते. त्या गुरुवारी धुऊन आलेल्या गठ्ठ्यात जांभळी खूण एका कोऱ्या नॅपकिनवर होती, आणि चिठ्ठीत लिहिलं होतं, 'अध्यक्षांचे मेहुणे, खिडकीचे टेबल.' म्हणजे तेव्हाच्या अध्यक्षांचे, चार वर्षं रांगेत असलेले. चिठ्ठी माझ्या हातची. तू समजलास की कप्तानसाहेब गेले. आणि टेबल लावलंस. तुझं कामच ते.

पाऊण वाजता दार उघडलं आणि कप्तानसाहेब आले. कोणाला न कळवता, भाड्याच्या गाडीतून, काठी टेकत, छत्री काखेत. सरळ खिडकीकडे गेले. तिथे मेहुणे जांभळी खूण गळ्यात खोचून सूप पीत बसलेले. मी गठ्ठा घेऊन दारात उभी होते, मला सगळं दिसत होतं. कप्तानसाहेबांनी वाकून खूण बघितली. मग तुझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, मी गेलो का? मला कोणी कळवलंच नाही." सगळा हॉल हसला. तेही हसले. तू धावत जाऊन दुसरी खुर्ची ओढलीस. ते म्हणाले, "राहू दे. गेलेल्या माणसाला भूक कसली?" आणि वर सात नंबरमध्ये गेले. दुसऱ्या दिवशी सामान बांधून भाचीकडे. तिथे पाच आठवडे काढले.

चौकशीच्या खोलीतलं तुला माहीतच आहे. तेव्हाच्या अध्यक्षांनी विचारलं, खूण उसवायला कोणी सांगितलं. मी खाली मान घालून गालिच्याची वीण मोजत होते. आणि तू म्हणालास, "मी सांगितलं. ताईला मीच म्हणालो की कप्तानसाहेब गेले." कोणी तुला शहाणपणा करायला सांगितलं होतं रे? घरी येऊन मी तुझ्यावर किती ओरडले! तू ट्रंक घेतलीस आणि निघालास. म्हणून तर माझा तुझ्यावर राग. माणसाने भांडावं तरी.

असो. ते वाक्य काढायला सांगते मी अध्यक्षांना. काढतील. पाच तारखेला समितीची बैठक आहे, त्यानंतर सगळं छापायला जाणार.

तब्येत सांभाळ. कँटीनमध्ये दिवसभर उभा राहतोस, पाय शेकत जा.

तुझी,
ताई


६ मार्च

धाकट्या,

तुझं दुसरं कार्ड आलं. यात पाच ओळी, प्रगती आहे. पण मेल्या, लिहिलंस काय! 'वाक्य राहू दे. जुने झाले. तुला कोणीतरी चुकीची बातमी दिली असणार, तुझा काय दोष? तू त्या दोन खोल्यांत सुखाने राहा.'

हे वाचून मी कार्ड टेबलावर आपटलं. इतका चांगुलपणा माणसाने करू नये, समोरच्याला जगणं नको होतं. दोन दिवस मी दाजींना, दूधवाल्याला, रंगाऱ्यांना, दिसेल त्याला ओरडत होते. शेवटी दाजी म्हणाले, "ज्याला सांगायचंय त्याला सांग ना. आम्हाला का?"

तर ऐक. मला कोणीही चुकीची बातमी दिलेली नव्हती.

कप्तानसाहेब जिवंत आहेत हे मला माहीत होतं. त्याच सकाळी मी दवाखान्यात फोन करून विचारलं होतं. नर्स म्हणाली, थोडं सूप घेतलंय, बरे आहेत. फोन ठेवला, लिननरूममध्ये गेले, आणि खूण उसवली.

कारण तेव्हाचा चिटणीस, आजचा अध्यक्ष. पंधरा दिवस रोज दारात यायचा. "अध्यक्षांचे मेहुणे किती थांबणार? म्हातारा काही आता परत येत नाही." मी नाही म्हणत होते. मग दाजींचं काम सुटलं, आठवतं? क्लबच्या मागच्या या दोन खोल्या त्यांच्या नोकरीपोटी मिळालेल्या, त्या जाणार होत्या. चिटणीस म्हणाला, "खोल्यांचा कागद माझ्या टेबलावर आहे. तुमच्या नावावर करता येईल. अध्यक्ष खूश असले की सोपं जातं." एवढंच बोलला, खुणेचं नावही काढलं नाही. काढायची गरजच नव्हती.

मी मनाची समजूत घातली की दहा मिनिटांचं काम आहे, कप्तानसाहेब आलेच तर परत घालू. माझ्या पोरीची परीक्षा होती, डोक्यावर छप्पर हवं होतं, असलं सगळं मी अकरा वर्षं घोकतेय. ते खोटं नाही. पण तुला काढलं त्या दिवशी तोंड उघडायला तर हरकत नव्हती ना? मी मूग गिळून बसले आणि पुढच्याच आठवड्यात खोल्यांचा कागद हातात आला. तुझ्या ट्रंकेची जागा रिकामी झाली, तिथे मी कपाट ठेवलं. आणि वर तुझ्यावरच रागावले. तुझ्यावर रागावणं सोपं होतं रे. स्वतःवर रागावले असते तर रोज उठून त्या खोल्यांत राहिले कशी असते?

धाकटे वकील गेले तेव्हा त्यांची हिरवी खूण उसवायची पाळी आली. मी सुई घेऊन बसले होते. मोठे वकील लिननरूमच्या दारात आले, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "बाई, त्याला सांगा..." आणि थांबले. मग म्हणाले, "एवढी राहू द्या." मी ती उसवली नाही. आजही ते समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे तो नॅपकिन ठेवायला लावतात आणि नव्या वेटरला म्हणतात, "त्याला विचार मीठ हवंय का." वेटर बावळटासारखा बघत राहतो. पहिल्या पत्रात मी हे लिहिणार होते. तेव्हा धीर झाला नाही.

काल बैठकीला गेले. तीच खोली, तोच गालिचा. अध्यक्ष म्हणाले, "वाक्य खटकत असेल तर काढून टाकू, एवढं काय." मी म्हटलं, काढू नका, दुरुस्त करा. आणि कागद काढून वाचला. खूण मी जाणूनबुजून उसवली, कप्तानसाहेब जिवंत आहेत हे माहीत असताना, आणि खोल्यांसाठी. हेडवेटरची काही चूक नव्हती. चिटणिसांचं काय ते त्यांनी स्वतः सांगावं, एवढंच मी त्यात लिहिलं होतं. एक ओळ दोनदा वाचली गेली.

अध्यक्ष लालबुंद. म्हणाले, "असली धुणी शताब्दीच्या स्मरणिकेत धुवायची नसतात." मी म्हटलं, साहेब, चाळीस वर्षं इथली धुणीच मोजत आले, आणखी एक. कोणी हसलं नाही. मग मोठे वकील उठले. आता त्यांना उठायलाच मिनिटभर लागतं. म्हणाले, "बाईंनी लिहिलंय तसंच छापा. आणि तो हेडवेटर जिवंत असेल तर जेवायला बोलवा. माझं एकाला बोलवायचं राहून गेलंय." मतं घेतली. पाचाविरुद्ध सहा. छापतायत.

खोल्या महिनाअखेर सोडायच्या. अध्यक्षांनी फार गोड भाषेत सांगितलं, शताब्दीचं सामान ठेवायला जागा हवी आहे म्हणे. मी घरी येऊन दाजींना सांगितलं आणि जाऊ दे ऐकायची तयारी केली. तर हे म्हणाले, "दोरी कुठे आहे?" आणि खरंच भांडी बांधायला बसले. सगळी उलटी बांधली, काचेचं खाली आणि पातेली वर. मला पुन्हा सोडायला लागली. लेकीकडे जातोय. तिची जागा लहान, तिचा नवरा घोरतो, माझे हाल होणार आहेत. पण तुझ्या ट्रंकेच्या जागी ठेवलेलं कपाट हलवलं तेव्हा भिंतीवर त्या ट्रंकेची जुनी रेघ दिसली, आणि मी तिथे जमिनीवर बसून रडले. दाजी शेजारी येऊन बसले.

तुला राग येऊ दे. या वेळी भांड. कार्डावर नको, चांगलं पानभर लिही, तोंडाला येईल ते. माफ कर असं म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणते. माफ कर.

तीस तारखेला दुपारी साडेबाराला जुन्या कर्मचाऱ्यांना हॉलमध्ये बसवून जेवण आहे. वाढायला सभासद. तुला तरी बघवणार आहे का ते, सगळ्यांच्या अंगावर सूप सांडतील. खिडकीचं टेबल मोठ्या वकिलांनी तुझ्यासाठी ठेवलंय. मेहुणे वारल्यावर जांभळा रंग मी परत कोणाला दिला नव्हता, रीळ संपलं म्हणून सांगायचे. संपलं नव्हतं. काल दुपारी खिडकीशी बसून नवीन नॅपकिनवर तुझी खूण घातली. डोळे गेलेत माझे, टाके वाकडे आलेत, हसू नकोस.

नाही आलास तरी चालेल. म्हणजे, चालणार नाही, पण मी समजेन. तुझ्या पानावर तो नॅपकिन मांडायला सांगितलाय, तू असलास तरी आणि नसलास तरी. दुपारच्या बसला गर्दी असते, सकाळची धर.

जांभळा दोरा जिने जाणूनबुजून उसवला, आणि आता तुझा कोणाला उसवू देणार नाही,
तीच तुझी
ताई